बिटकॉइन डेव्हलपमेंट आणि शिक्षणातील करिअर : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिटकॉइन हे कोणत्याही बँकेशिवाय, संगणकांच्या जाळ्यावर चालणारे डिजिटल नाणे आहे. त्याच्या ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुल्या, सॉफ्टवेअरवर काम करणे आणि ते काम इतरांना शिकवणे हा माझा व्यवसाय आहे. सोलापुरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पुण्यात आयटीमध्ये नोकरी करणारी येथील मुले-मुली आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बिटकॉइनमध्ये पैसे गुंतवावेत की नाही, हा माझ्या कामाचा विषय नसल्यामुळे त्याचे उत्तर येथे मिळणार नाही.

बिटकॉइन डेव्हलपर नेमके काय काम करतो?

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या व्यक्तीने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या साखळीतील पहिली कडी, तयार झाला. आज जगभरातील हजारो संगणक हे सॉफ्टवेअर चालवतात आणि त्यांपैकी प्रत्येक संगणक, म्हणजे नोड, प्रत्येक व्यवहार कोणावरही विश्वास न ठेवता स्वतः तपासतो. यातील बहुतांश नोड ‘बिटकॉइन कोअर’ नावाचा प्रोग्राम चालवतात. तो मुख्यतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असून त्याचा सगळा कोड कोणालाही वाचता येतो.

हा प्रोग्राम बिनचूक चालत राहावा, त्याचा वेग वाढावा, त्यावर हल्ला करणे अवघड व्हावे आणि त्याच्या चाचण्या पुरेशा असाव्यात, यासाठी झटणारा तो बिटकॉइन डेव्हलपर. त्याच्या भोवतीही बरेच काम असते. डिजिटल सह्या तपासणारी सी भाषेतील लायब्ररी आहे, वॉलेट, म्हणजे नाण्यांच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारे सॉफ्टवेअर, बांधण्यासाठी रस्ट भाषेतील लायब्ररी आहेत आणि छोट्या, तत्काळ व्यवहारांसाठी लाइटनिंग नेटवर्क आहे. खरेदी-विक्रीचा या कामाशी संबंध नाही. बिटकॉइन कोअरच्या संपूर्ण कोडमध्ये बिटकॉइनचा बाजारभाव कोठेही येत नाही, हे मी पहिल्याच तासाला आवर्जून सांगतो, कारण त्यामुळे निम्मे गैरसमज तेथेच दूर होतात.

डेव्हलपर आणि मायनर एकच का?

नाही. मायनर प्रचंड गणनशक्ती आणि वीज खर्च करून नवे ब्लॉक तयार करतो, तर ते ब्लॉक कोणत्या नियमांनी तपासायचे याचा कोड डेव्हलपर लिहितो. या करिअरसाठी महागडी यंत्रे घ्यावी लागत नाहीत.

हे काम सोलापुरात राहून करता येते का?

करता येते, आणि हे उत्तर मी धीर देण्यासाठी देत नाही. सोलापूरचा अभियंता पदवी हातात पडताच हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो आणि तेथेच स्थिरावतो, हे गेली कित्येक वर्षे घराघरांतून दिसते, कारण त्याला हवी असलेली कार्यालये तेथे आहेत. बिटकॉइन कोअरला मात्र कार्यालयच नाही. चर्चा, मतभेद, चुका, दुरुस्त्या आणि निर्णय हे सर्व लेखी स्वरूपात, उघडपणे आणि कायमचे नोंदले जाते. त्यामुळे जुळे सोलापुरातील खोलीत बसलेल्या माणसाला न्यूयॉर्कमधील माणसाइतकीच माहिती उपलब्ध असते. वेळेचे गणितही प्रतिकूल नाही. आपली संध्याकाळ ही युरोपची दुपार आणि अमेरिकेची सकाळ असते, त्यामुळे थेट संवादाची बहुतेक सत्रे जेवणाच्या वेळेच्या मागेपुढे येतात.

अडचण अंतराची नसून एकटेपणाची आहे. एखाद्या शंकेने तीन दिवस डोके धरून बसावे लागते, तेव्हा शेजारी विचारायला कोणी नसते. म्हणूनच मी अभ्यासमंडळाचा आग्रह धरतो. त्याविषयी शेवटच्या प्रश्नात लिहिले आहे.

कोणते शिक्षण आणि कोणत्या प्रोग्रामिंग भाषा लागतात?

पदवीची अट सहसा घातली जात नाही. एक भाषा मात्र पक्की यायला हवी. सुरुवात पायथनने करावी, असे माझे मत आहे, कारण बिटकॉइन कोअरच्या फंक्शनल चाचण्या पायथनमध्ये लिहिलेल्या आहेत आणि त्या वाचता वाचता प्रोग्रामचे वर्तन कळत जाते. पुढे मूळ प्रोग्रामवर काम करायचे असेल तर सी प्लस प्लस आणि वॉलेट किंवा लाइटनिंगकडे वळायचे असेल तर रस्ट शिकावी. लाइटनिंगची एक प्रमुख अंमलबजावणी गो भाषेत आहे, दुसरी सी भाषेत.

गणिताची अनेकांना धास्ती वाटते. हॅश फंक्शन (कोणत्याही डेटाचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारी पद्धत), मर्कल ट्री आणि इलिप्टिक कर्व्हवरील सह्या समजून घ्याव्याच लागतात, परंतु त्यासाठी बारावीच्या गणितापलीकडे बाकीअंकांचे गणित आणि चिकाटी एवढी शिदोरी पुरते. नवे क्रिप्टोग्राफिक तंत्र शोधणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांच्या वाट्याला येते.

इंग्रजी वाचता आणि लिहिता आले पाहिजे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बोलण्यात सफाई नसली तरी अडत नाही, कारण बहुतेक काम लेखी असते. मात्र स्वतःचे म्हणणे चार नेमक्या वाक्यांत मांडण्याचा सराव नसेल, तर उत्तम कोडही दुर्लक्षित राहतो.

पहिले काही महिने प्रत्यक्षात काय करावे?

व्हिडिओ पाहत बसण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात बिटकॉइन कोअर आपल्या संगणकावर स्वतः बिल्ड करावा, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करावा, आणि ‘रेगटेस्ट’ या खासगी जाळ्यावर चालवावा. रेगटेस्टमध्ये खरे पैसे नसतात, इंटरनेट लागत नाही आणि ब्लॉक आज्ञा देताच तयार होतो.

येथे एक अनुभव प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला येतो. तो पहिला ब्लॉक तयार करतो, त्याबद्दल त्याला ५० बिटकॉइन मिळायला हवेत, पण शिल्लक पाहतो तर शून्य. काहीतरी बिघडले असे समजून तो वॉलेट पुन्हा तयार करतो, पुन्हा ब्लॉक काढतो आणि शिल्लक पुन्हा शून्यच दिसते. नव्याने निर्माण झालेली नाणी त्यांच्या ब्लॉकवर आणखी १०० ब्लॉक चढेपर्यंत खर्च करता येत नाहीत, असा नियम आहे. म्हणून रेगटेस्टवर १०१ ब्लॉक काढले की ५० ची शिल्लक दिसू लागते. हा नियम का आहे, हे मी लगेच सांगत नाही. कधी कधी दोन मायनरांना एकाच वेळी ब्लॉक सापडतो आणि त्यांपैकी एक ब्लॉक साखळीबाहेर पडतो. त्यातील नवी नाणी तोवर कोणी खर्च केलेली असतील, तर त्यांवर आधारलेले पुढचे सगळे व्यवहारही रद्दबातल होतील. हे कारण विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढले की पुढचे महिनाभराचे शिक्षण सोपे होते, कारण प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या नियमामागे एखादा टाळलेला अपघात असतो, ही जाण त्याला येते.

रेगटेस्टवर ब्लॉक तयार करणाऱ्याला मिळणारे बक्षीस दर १५० ब्लॉकनंतर निम्मे होते, त्यामुळे खऱ्या जाळ्यावर २,१०,००० ब्लॉकांनी, म्हणजे सुमारे चार वर्षांनी होणारी घट येथे काही मिनिटांत पाहता येते. खऱ्या जाळ्यावर एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या आत का राहतात, हे पाठ करण्यापेक्षा बेरीज करून पाहणे केव्हाही चांगले.

बिटकॉइन कोअरमध्ये पहिले योगदान कोणते करावे?

बहुतेक जण नवे वैशिष्ट्य लिहिण्याची कल्पना घेऊन येतात. माझा सल्ला नेहमी एकच असतो आणि तो मी ठामपणे देतो : आधी दुसऱ्याचा कोड तपासा. या प्रकल्पात कोड लिहिणाऱ्यांची वानवा नाही. तो काळजीपूर्वक तपासणाऱ्यांची आहे, आणि शेकडो पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधील बदलांचे प्रस्ताव, कोणीतरी बारकाईने वाचण्याची वाट पाहत पडून असतात.

तपासणी म्हणजे केवळ नजर फिरवणे नव्हे. लहानसा बदल निवडावा, तो आपल्या संगणकावर उतरवून बिल्ड करावा आणि सर्व चाचण्या चालवाव्यात. त्यानंतर माझी आवडती पायरी येते : बदलातील एक ओळ मुद्दाम बिघडवावी आणि एखादी चाचणी नापास होते का, ते पाहावे. सगळ्या चाचण्या तरीही उत्तीर्ण झाल्या, तर त्या ओळीवर कोणाचा पहारा नाही हे तुम्ही शोधून काढले, आणि तेवढे लिहिणे हेच तुमचे पहिले मोलाचे योगदान ठरू शकते. शेवटी काय तपासले आणि कसे तपासले, हे लिहून मत नोंदवावे. बदलाची कल्पना मान्य असेल तर ‘कन्सेप्ट ॲक’, कोड पूर्ण तपासून मान्य असेल तर कमिटच्या (म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या) क्रमांकासह ‘ॲक’ आणि कारणे देऊन विरोध असेल तर ‘नॅक’ लिहिण्याची तेथील रीत आहे. कारणाशिवाय लिहिलेल्या मताला कोणी किंमत देत नाही, मग ते कोणाचेही असो.

तपासणीवर मी एवढा भर का देतो, हे इतिहासावरून कळेल. १५ ऑगस्ट २०१० रोजी एका व्यवहारातील बेरजेने संगणकातील पूर्णांकाची मर्यादा ओलांडली आणि १८,४०० कोटींहून अधिक बिटकॉइन हवेतून निर्माण झाले. काही तासांत दुरुस्ती आली आणि तो ब्लॉक साखळीबाहेर टाकला गेला. तेव्हा प्रकल्प लहान होता, असे म्हणता येईल. पण सप्टेंबर २०१८ मध्ये उघड झालेली चूक अधिक बोलकी आहे. एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा खर्च केले आहे का, ही तपासणी ब्लॉक पडताळताना दुसऱ्यांदा होत असल्याचे समजून, वेग वाढवण्याच्या चांगल्या हेतूने ती काढून टाकण्यात आली होती. अनुभवी लोकांनी तो बदल वाचला होता, मंजूरही केला होता. तो २०१७ मधील ०.१४ या आवृत्तीपासून सर्वत्र चालू होता. आधी त्यामुळे नोड बंद पाडता येत होता आणि ०.१५ पासून पुढे विशिष्ट परिस्थितीत नवी नाणी निर्माण करणेही शक्य झाले होते. ही चूक दुसऱ्याच, प्रतिस्पर्धी नाण्यावर काम करणाऱ्या डेव्हलपरने शोधली आणि तिचा फायदा न उठवता ती खासगीरीत्या कळवली. ०.१६.३ ही दुरुस्त आवृत्ती तातडीने आली आणि मुख्य जाळ्यावर कोणाचे नुकसान झाले नाही.

सोलापूरच्या कारखान्यांत चादर विणून झाली तरी ती उजेडापुढे धरून सुटलेला धागा शोधणारा माणूस लागतोच, आणि त्याची नजर तयार व्हायला विणकराइतकाच वेळ लागतो. या क्षेत्रातही तपासणाऱ्याची नजर तयार व्हायला वर्षे लागतात आणि ती वर्षे वाया जात नाहीत.

कोणता बदल स्वीकारायचा, हे शेवटी कोण ठरवते?

कोड मुख्य शाखेत विलीन करण्याचा अधिकार मोजक्या मेंटेनरांकडे असतो, पण ते मालक नव्हेत. पुरेशी तपासणी झाली आहे आणि गंभीर आक्षेप उरलेला नाही, एवढे पाहून ते बदल घेतात. मूळ नियमांतील बदल तर त्याहून संथ असतात. त्यांचा प्रस्ताव ‘बिप’ या क्रमांकित दस्तऐवजात मांडला जातो, त्यावर अनेक वर्षे चर्चा होते आणि नोड चालवणाऱ्यांनी नवी आवृत्ती स्वेच्छेने स्वीकारली तरच तो टिकतो. सेगविट हा असाच एक बदल ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झाला आणि त्यानंतरचा मोठा बदल, टॅपरूट, नोव्हेंबर २०२१ मध्ये. ज्यांना दर पंधरवड्याला काहीतरी नवीन ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याची सवय आहे, त्यांना हा वेग सुरुवातीला जाचतो.

पगार कोण देतो?

या प्रश्नाचे उत्तर पालकांना सर्वाधिक हवे असते आणि ते हक्काचेही आहे. बिटकॉइनची कंपनी नाही, त्यामुळे तिची नोकरीही नाही. पैसे साधारणपणे तीन वाटांनी येतात. काही कंपन्या आपल्या उत्पादनासाठी किंवा केवळ मूळ प्रणाली निरोगी राहावी म्हणून डेव्हलपर नेमतात. ब्लॉकस्ट्रीम, न्यूयॉर्कची चेनकोड लॅब्ज आणि ब्लॉक कंपनीचा स्पायरल हा विभाग ही त्याची उदाहरणे आहेत. दुसरी वाट देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांच्या अनुदानांची असून ब्रिंक, ओपनसॅट्स आणि ह्यूमन राइट्स फाउंडेशन अशी अनुदाने देतात. बीट्रस्ट हा निधी तर २०२१ मध्ये ५०० बिटकॉइन देऊन, सुरुवातीला आफ्रिका आणि भारत डोळ्यांपुढे ठेवून जाहीर झाला होता. तिसरी वाट म्हणजे वॉलेट, लाइटनिंग आणि देयक सेवा बांधणाऱ्या कंपन्यांतील नेहमीची, घरून करण्याची नोकरी. जागा येथेच जास्त असतात.

अनुदान बहुधा ठरावीक मुदतीचे असते आणि नूतनीकरणाची हमी नसते. भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा, पगारी रजा यांची सोय स्वतःच करावी लागते. ज्याच्यावर घराचा हप्ता किंवा आईवडिलांच्या औषधपाण्याचा भार आहे, त्याने वर्षभराचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय केवळ अनुदानावर विसंबू नये.

विद्यार्थ्यांसाठी ‘समर ऑफ बिटकॉइन’ ही ऑनलाइन इंटर्नशिप २०२१ पासून चालते. तिच्यात निवड झालेल्यांना अनुभवी मार्गदर्शकाखाली खऱ्या प्रकल्पावर काम करायला मिळते आणि मानधनही मिळते. भारतातील ‘बिटशाला’ हा गट अभ्याससत्रे घेतो. आपल्याकडील मुलांनी दोन्हींकडे जरूर अर्ज करावेत. निवड झाली नाही तरी प्रवेशासाठी दिलेली कामे पूर्ण करण्यातच पुष्कळ शिकून होते.

भारतात हे कायदेशीर आहे का? कर कसा लागतो?

ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणे किंवा शिकवणे यावर बंदी नाही. बिटकॉइनला भारतात चलनाचा दर्जा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवसायाशी व्यवहार करण्यास मनाई केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवली. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणावरील नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस कापला जातो.

मोबदला बिटकॉइनमध्ये मिळाला, तर मिळाल्या दिवशीच्या भावाने ते तुमचे उत्पन्न धरले जाते आणि पुढे विकताना झालेल्या नफ्यावर वेगळा कर लागतो. माझे मत असे की, पर्याय असल्यास मोबदला बँकेत रुपयांत घ्यावा. परदेशी उत्पन्न येऊ लागण्याआधीच सनदी लेखापालाला भेटावे, वर्षअखेरीस धावपळ करू नये.

शिक्षण हे स्वतंत्र करिअर होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ते डेव्हलपमेंटपेक्षा खालच्या पायरीचे आहे असे मानणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. चेनकोड लॅब्जसारख्या ठिकाणी प्रशिक्षण हे स्वतंत्र काम आहे आणि अनुदान देणाऱ्या अनेक संस्था अभ्यासक्रम, भाषांतर आणि कार्यशाळा यांनाही निधी देतात. तरीही, ज्याने स्वतः कोड तपासलेला नाही त्याने डेव्हलपरांना शिकवू नये. विद्यार्थ्याने ‘असे का?’ म्हणून तिसऱ्यांदा विचारले की त्याची तयारी संपते.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच वर्गात ऐकू येतात. मी मराठीत शिकवतो, पण अशोक चौक परिसरातून येणारी मुले आपसांत तेलुगूत चर्चा करतात आणि मी त्यांना थांबवत नाही. कठीण कल्पना ज्या भाषेत भांडून समजते, त्याच भाषेत ती समजू द्यावी. वॉलेट हरवल्यास पैसे परत मिळवून देणाऱ्या बीजशब्दांची गोष्ट घ्या. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून १२ किंवा २४ शब्द निवडले जातात. या मानकासोबत जपानी, कोरियन, स्पॅनिश, झेक अशा कितीतरी भाषांच्या याद्या आहेत, मात्र एकाही भारतीय भाषेची नाही. त्यामुळे ज्याला इंग्रजी स्पेलिंगचा सराव नाही, त्याच्या हातून ‘पैसे परत मिळवण्याचे’ शब्द कागदावर चुकीचे उतरले जाण्याचा धोका खरा आहे. भाषेचा प्रश्न येथे थेट सुरक्षेचा प्रश्न होतो.

हा पाठ आम्ही नाणे उडवून घेतो. छापा म्हणजे १, काटा म्हणजे ०, अशा १२१ नोंदी वहीत करायच्या. ११ नोंदींचा एक गट म्हणजे यादीतील एक शब्द, कारण ११ अंकांतून बरोबर २,०४८ शक्यता निघतात. असे ११ शब्द झाले की आणखी सात वेळा नाणे उडवायचे, म्हणजे एकूण १२८ अंक होतात. त्यांचा शा-२५६ हॅश काढून, तो ० आणि १ मध्ये लिहून, त्याचे पहिले चार अंक पुढे जोडायचे आणि मग बारावा शब्द मिळतो. शेवटचा शब्द मनाने का निवडता येत नाही, हे ज्याने वहीत करून पाहिले त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. वर्गात सर्वांनी पाहिलेले शब्द खऱ्या पैशांसाठी कधीही वापरू नयेत, हे मात्र त्याच क्षणी बजावावे लागते.

लोक फसवणुकीच्या योजना समजून दूर राहतात. अशा वेळी काय करावे?

त्यांचे दूर राहणे योग्यच आहे. गेनबिटकॉइन या योजनेने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवून महाराष्ट्रासह देशभरातील लोकांना गुंतवले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. अशा जखमा ताज्या असताना बिटकॉइनचे नाव घेऊन कोणी वर्ग भरवला, तर शंका घेतलीच पाहिजे.

शिक्षकाने काही पथ्ये पाळावीत, असे मला वाटते. वर्गात कोणाकडूनही नाणी विकत घेऊ नयेत किंवा कोणाला विकू नयेत, नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजचे कमिशन मिळणारे दुवे देऊ नयेत, भावाचा अंदाज सांगू नये आणि कोणाचेही बीजशब्द पाहू नयेत, मदतीसाठीसुद्धा नाहीत. सराव रेगटेस्ट किंवा सिग्नेटवर, म्हणजे बिनकिमतीच्या नाण्यांवरच करावा. परताव्याची हमी देणारा माणूस आणि शिक्षक यांत फरक कसा करायचा, असे पालक विचारतात तेव्हा मी हीच पथ्ये पुढे ठेवतो आणि माझ्या वर्गात येऊन मागे बसण्याचे आमंत्रण देतो.

खरे नाव न वापरता काम करता येते का?

येते. अनेक नावाजलेले योगदानकर्ते टोपणनावानेच ओळखले जातात आणि त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. कर विभागाकडे मात्र खरे नावच लागते.

सध्याची नोकरी सोडून यात उतरावे का?

लगेच नाही. आठवड्यातून सात-आठ तास काढून किमान सहा महिने तपासणीचे काम करावे आणि त्यानंतर आपल्या सार्वजनिक नोंदी स्वतःच वाचून पाहाव्यात. अनुदान देणारी संस्थाही नेमके तेच वाचते. या काळात कंटाळा आला, तर हे काम आपले नाही हे कळण्यासाठी फारशी किंमत मोजावी लागली नाही असे समजावे. क्रिप्टोग्राफी, नेटवर्किंग आणि चाचण्या यांचे ज्ञान इतर कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडते. नोकरीच्या करारात कार्यालयीन वेळेबाहेर लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगते का, ते पहिले योगदान देण्याआधी तपासावे. या एका कलमाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही.

महाविद्यालयात अभ्यासमंडळ सुरू करायचे असल्यास काय लागेल?

एक खोली, आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ आणि विषय सोडून न भरकटणारे चार-पाच जण पुरेसे आहेत. बिटकॉइन कोअर पीआर रिव्ह्यू क्लब हा पुल रिक्वेस्ट एकत्र तपासणारा ऑनलाइन गट २०१९ मध्ये सुरू झाला. त्यातील प्रत्येक सत्राचे प्रश्न आणि झालेली चर्चा वाचायला खुली आहे. जुने एखादे सत्र निवडून, आधी फक्त प्रश्न वाचून स्वतः उत्तरे शोधावीत आणि मगच चर्चा उघडावी. सोबत २०१८ पासून दर आठवड्याला निघणारे बिटकॉइन ऑपटेकचे तांत्रिक वार्तापत्र आलटून पालटून एकेकाने मराठीत समजावून सांगावे.

शक्य झाल्यास मंडळाचा स्वतःचा पूर्ण नोड चालवावा. ब्लॉकचेनचा, म्हणजे सर्व ब्लॉकांच्या साखळीचा, आकार ६०० जीबीच्या पुढे गेला असल्यामुळे किमान एक टीबीची, आणि पुढची काही वर्षे पाहता दोन टीबीची एसएसडी घ्यावी. तेवढी सोय नसेल तर प्रूनिंग चालू करावे. मग जुने ब्लॉक तपासून झाले की पुसले जातात आणि जुना लॅपटॉपही पुरतो. मात्र पहिल्या वेळी सगळा डेटा उतरवावाच लागतो, म्हणून मोबाइलच्या मोजक्या डेटावर हा प्रयोग करू नये. महाविद्यालयाच्या नेटवर्कवर करायचा असल्यास विभागप्रमुखांची आणि सिस्टिम ॲडमिनची परवानगी आधी लेखी घ्यावी. कूलिंग पॅड आणि लहान यूपीएस यांचा खर्च धरूनच अर्ज करावा, कारण एप्रिल-मेमध्ये येथे खोलीचे तापमान आणि वीज या दोहोंचाही भरवसा नसतो, आणि डेटा लिहिला जात असताना वीज गेली तर डेटाबेस बिघडून पडताळणी पहिल्या ब्लॉकपासून पुन्हा करावी लागू शकते.